निर्वात निर्माण करणारा कोरडा लोब ब्लोअर
(ग्रामपंचायतींचे सदस्य, शासकीय अधिकारी, शिक्षक व तंत्रशिक्षण घेणारे विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकताना थोडा अपरिचित वाटण्याचा संभव आहे. ‘कोरडा लोब ब्लोअर’ हे नाव कारखान्याबाहेर फारसे कोणाच्या कानांवर पडत नाही. परंतु गावातील विजेचा ट्रान्सफॉर्मर, औषधाच्या दुकानातील गोळी आणि घरामागील मैलाटाकी उपसण्यासाठी येणारी सक्शन गाडी या तिन्ही गोष्टींशी ह्या यंत्राचा निकटचा संबंध आहे. त्याचे कार्य समजून घेतल्यास ते योग्य रीतीने वापरता येते. आणि मैलाटाकीच्या बाबतीत तर योग्य वापराचा प्रश्न हा माणसाच्या प्राणाचा प्रश्न आहे.

हवेचे वजन आणि ओढण्याचा भ्रम

हवेला वजन असते, ही गोष्ट शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. पण ते वजन किती मोठे आहे याची कल्पना सहसा नसते. समुद्रसपाटीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर हवेचा दाब एक किलोग्रॅमहून किंचित अधिक भरतो. तळहाताचे क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटर धरले, तर त्यावर सुमारे शंभर किलोग्रॅमचा, म्हणजे तांदळाच्या मोठ्या पोत्याएवढा भार असतो. तो चोहोबाजूंनी सारखाच असल्यामुळे जाणवत नाही. तंत्रज्ञांच्या परिभाषेत हा दाब १०१३ मिलिबार, किंवा ७६० मिलिमीटर पाऱ्याच्या स्तंभाइतका होय.

एखाद्या बंद भांड्यातील हवा काढून टाकली की आतील दाब कमी होतो. ह्या स्थितीस ‘निर्वात’ असे म्हणतात. निर्वाताविषयी सर्वसाधारण समजूत अशी की तो वस्तूंना ओढतो. वस्तुतः निर्वातामध्ये ओढण्याची कोणतीही शक्ती नाही. बाहेरची हवा आपल्या भाराने वस्तूला आत ढकलते, आणि निर्वात फक्त तिची वाट मोकळी करतो. इटलीतील फ्लॉरेन्स येथील पंप बनविणाऱ्या कारागिरांना सतराव्या शतकात असा अनुभव आला, की चोषण पंप कितीही उत्तम बनविला तरी पाणी सुमारे दहा मीटरांच्या वर चढत नाही. गॅलिलिओचा शिष्य टोरिचेली याने १६४३ साली पाऱ्याच्या नळीचा प्रयोग करून त्याचे कारण दाखवून दिले. हवेचा भार जेवढ्या पाण्याचे वजन तोलू शकतो, तेवढेच पाणी वर चढते. त्याहून अधिक नाही.

हा नियम आजही तसाच लागू आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर ही मर्यादा सुमारे १०.३ मीटर पडते. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरील बेळगाव येथे हवा विरळ असल्यामुळे ती सुमारे ९.४ मीटरांवर येते. प्रत्यक्ष यंत्राला तर यापेक्षा बरेच कमी साधते. पुढे सक्शन गाडीचा विचार करताना ह्या आकड्यांचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे.

दोन भावांची युक्ती

लोब ब्लोअरचा उगम एका लोकर गिरणीत झाला. अमेरिकेतील इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल नावाचे गाव आहे. तेथील फिलँडर रूट्स आणि फ्रान्सिस रूट्स हे बंधू लोकर गिरणी चालवीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गिरणी चालविण्यासाठी अधिक चांगले जलचक्र तयार करण्याच्या खटपटीत त्यांनी एका पेटीत दोन फिरते लाकडी लोब बसविले. जलचक्र म्हणून ती रचना यशस्वी झाली नाही, कारण पाण्याने लाकूड फुगून लोब अडकू लागले. मात्र ते कोरडे फिरवून पाहिले असता पेटीतून वाऱ्याचा जोरदार झोत बाहेर पडू लागला. त्या झोताने गिरणीतील एका माणसाची टोपी उडाली, अशी आख्यायिका सांगतात. १८६० साली ह्या बंधूंना त्याचे पेटंट मिळाले. लोखंड वितळविणाऱ्या भट्ट्यांना वारा पुरविणे आणि खाणींत हवा खेळविणे ह्या कामांसाठी हे यंत्र लवकरच प्रसिद्धीस आले. आजही अनेक कारखान्यांत त्यास ‘रूट्स ब्लोअर’ असेच म्हणतात.

लोहाराचा भाता आणि हे यंत्र यांचे कार्य एकच. परंतु भात्याला एक दिशा असते. रूट्स बंधूंचे यंत्र उलट फिरविले की जेथून वारा निघत होता तेथूनच तो आत येऊ लागतो. ह्या गुणाचे एक नामांकित उदाहरण न्यूयॉर्क येथे घडले. आल्फ्रेड बीच या गृहस्थांनी तेथील ब्रॉडवे रस्त्याखाली सुमारे ९५ मीटर लांबीचा बोगदा खणून १८७० साली तो लोकांसाठी खुला केला. बोगद्यात बरोबर बसणारा एक डबा मोठ्या रूट्स ब्लोअरच्या वाऱ्याने पुढे ढकलला जाई, आणि पुढील टोकाला पोहोचल्यावर तोच ब्लोअर बोगद्यातील हवा काढून घेऊन डब्याला परत आणी. परतीच्या प्रवासात डब्याला ढकलणारी हवा बाहेरच्या वातावरणाची होती. ब्लोअरचे निर्वात पंपात रूपांतर कसे होते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आतील रचना

आता यंत्र उघडून पाहू या. ओतीव लोखंडाच्या लंबवर्तुळाकार कवचात दोन समांतर दांडे बसविलेले असतात. प्रत्येक दांड्यावर एक रोटर असतो. रोटरचा आडवा छेद डमरूसारखा, म्हणजे दोन्ही टोकांना फुगीर आणि मध्ये निमुळता दिसतो. हे फुगीर भाग म्हणजेच लोब; कानाच्या पाळीलाही इंग्रजीत हाच शब्द आहे. काही यंत्रांत प्रत्येक रोटरला दोनऐवजी तीन लोब असतात.

दोन्ही रोटर परस्परांच्या विरुद्ध दिशांनी फिरतात. एकाचा फुगीर भाग दुसऱ्याच्या निमुळत्या भागात येतो आणि सरकून बाहेर पडतो. तरीही ते एकमेकांना स्पर्श करीत नाहीत, कवचालाही करीत नाहीत. सर्वत्र एक सूक्ष्म फट राखलेली असते. यंत्राच्या आकारानुसार ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा थोडी अधिक असते. मिनिटाला दीड हजार ते तीन हजार फेरे घेणारे जड रोटर एवढ्या फटीने एकमेकांना चुकवीत राहतात, ते दांड्यांच्या टोकाशी असलेल्या दोन दंतचक्रांमुळे. ही दंतचक्रे दोन्ही रोटरांची वेळ साधून देतात. म्हणून त्यांस ‘टायमिंग गिअर’ असे नाव आहे. गिअर आणि बेअरिंग तेलाच्या वेगळ्या पेटीत असतात. हवेच्या दालनात मात्र तेलाचा थेंबही नसतो. घासणारे काही नसल्यामुळे तेथे वंगणाची गरजच पडत नाही, आणि म्हणून ह्या यंत्राला ‘कोरडा’ हे विशेषण लाभले.

हवा कोणत्या मार्गाने जाते याविषयी पुष्कळांची गल्लत होते. ती दोन रोटरांच्या मधून जात असावी, असे प्रथमदर्शनी वाटते. वास्तविक तेथून जाण्यास तिला वाटच नसते. रोटर फिरताना त्याची निमुळती बाजू आणि कवचाची भिंत यांच्यामध्ये हवेचा एक कप्पा बंद होतो. तो कप्पा कवचाच्या कडेकडेने निर्गम द्वारापर्यंत जातो आणि तेथे उघडतो. जुन्या विहिरीवरील रहाटगाडग्याची येथे आठवण व्हावी. एकेक गाडगे भरून येते, माळेबरोबर फिरते आणि पलीकडे रिकामे होते. दोन लोबांच्या यंत्रात प्रत्येक फेऱ्यात अशी चार गाडगी हवा वाहून नेली जाते.

रहाटगाडग्याची उपमा आणखी एका बाबतीत उपयोगी आहे. गाडगे पाण्याला दाबत नाही, फक्त वाहून नेते. तसेच ह्या यंत्राच्या आत हवा दाबली जात नाही. कप्पा निर्गम द्वारापाशी उघडतो, तेव्हा बाहेरची अधिक दाबाची हवा क्षणभर उलटी आत घुसते आणि कप्प्यातील विरळ हवेला एकदम दाबते. पुढच्या क्षणी रोटर ती सारी हवा बाहेर लोटतो. ब्लोअरची विशिष्ट घरघर ह्या धक्क्यांतून निर्माण होते. सेकंदाला पंचवीस फेरे घेणाऱ्या यंत्रात असे शंभर धक्के दर सेकंदाला बसतात. म्हणून दोन्ही द्वारांना सायलेन्सर जोडावे लागतात आणि जवळ काम करणाऱ्या माणसाच्या कानांना संरक्षण द्यावे लागते.

उष्णता : यंत्राची खरी मर्यादा

ह्या यंत्राने कितीही सखोल निर्वात करता यावा, असे कोणास वाटेल. परंतु तसे घडत नाही. आड येते ती उष्णता. हवा दाबली की तापते, हे सायकलला पंप मारणाऱ्या मुलालाही माहीत असते. ब्लोअरमध्ये ती एकदम दाबली जात असल्यामुळे अधिकच तापते. टाकीतील दाब निम्म्यावर, म्हणजे सुमारे ५०० मिलिबारवर आणला, तर ब्लोअरमधून जाणाऱ्या हवेचे तपमान हिशेबाने सुमारे ८५ अंश सेल्सियसने वाढते. दाब ३०० मिलिबारवर नेल्यास ही वाढ सुमारे २०० अंशांपर्यंत पोहोचते. फटींतून परत गळणारी गरम हवा पुन्हा आत येऊन तापते, त्यामुळे प्रत्यक्षातील वाढ याहूनही जास्त असते.

आता त्या सूक्ष्म फटीकडे वळावे. ३०० मिलिमीटर लांबीचा लोखंडी रोटर १०० अंशांनी तापला, तर त्याची लांबी सुमारे ०.३६ मिलिमीटरने वाढते. कवच बाहेरच्या हवेने थंड राहिल्यामुळे तेवढे वाढत नाही. म्हणजे जी फट राखण्यासाठी सारी रचना केली, तीच नाहीशी होते. रोटर कवचाला घासू लागतो आणि काही क्षणांत यंत्र जाम होते. कामगारांच्या भाषेत सांगायचे, तर ब्लोअर ‘सीझ’ झाला. ह्या कारणास्तव एकट्या साध्या कोरड्या ब्लोअरला वातावरणाच्या दाबाच्या निम्म्यापर्यंतच, म्हणजे पाऱ्याच्या सुमारे ३८० ते ४०० मिलिमीटर निर्वातापर्यंत वापरण्याचा प्रघात आहे.

ही मर्यादा ओलांडण्याची एक युक्ती तंत्रज्ञांनी शोधून काढली. कप्पा निर्गम द्वारापाशी उघडण्यापूर्वीच कवचातील खास छिद्रातून त्यात थंड हवा सोडावयाची. अशा रीतीने कप्पा गरम हवेऐवजी थंड हवेने भरतो आणि रोटर तापत नाही. निर्वात भांड्याकडील द्वार त्या वेळी बंद असल्यामुळे भांड्यातील निर्वात बिघडत नाही. अशी हवेने थंड होणारी यंत्रे वातावरणाच्या पंचमांशाहूनही कमी दाबापर्यंत काम करू शकतात. मोठ्या सक्शन गाड्यांवर हीच जात पाहावयास मिळते.

सखोल निर्वातासाठी जोडी

काही उद्योगांना निम्मा निर्वात पुरत नाही. त्यांना एक मिलिबार, म्हणजे वातावरणाच्या हजाराव्या भागाइतका, किंवा त्याहूनही कमी दाब हवा असतो. तेथे लोब ब्लोअर एकटा काम करीत नाही. त्याच्या पाठीशी दुसरा पंप जोडतात. त्यास साहाय्यक पंप म्हणावे. तो तेलाचा असेल, पाण्याच्या कड्याचा असेल किंवा कोरडा मळसूत्री पंप असेल. अशा जोडणीत ब्लोअरला ‘बूस्टर’ म्हणतात.

या सहकार्यातील हिशेब मोठा उद्बोधक आहे. समजा, बूस्टर ताशी १००० घनमीटर हवा १ मिलिबार दाबाने उचलतो आणि १० मिलिबार दाबाने साहाय्यक पंपाच्या तोंडाशी ठेवतो. दाब दहापट झाल्यामुळे तीच हवा १०० घनमीटर जागेत मावते. साहजिकच मागे ताशी १०० घनमीटरचा लहानसा पंप पुरतो. बूस्टरला दाबातील फरक सोसावा लागतो तो अवघा ९ मिलिबारांचा. त्यासाठी हिशेबाने पाव किलोवॅट शक्ती लागते. हाच ब्लोअर एकट्याने ५०० मिलिबारांच्या फरकावर चालविला असता, तर सुमारे १४ किलोवॅट शक्ती लागली असती. घर्षण व गिअर यांचा खर्च दोन्हींत वेगळा धरावा. विरळ हवेत भार थोडा आणि उष्णताही थोडी, म्हणून तेथे ब्लोअर खुशाल वेगाने फिरू शकतो.

विरळ हवेत त्याला आणखी एक लाभ होतो. दाट हवेत वायूचे कण सतत एकमेकांवर आदळत प्रवाहाने फटीतून मागे वाहतात. १ मिलिबार दाबाच्या सुमारास दोन टकरींमधील कणाचे सरासरी अंतर मिलिमीटरच्या सुमारे पंधराव्या भागाएवढे होते, म्हणजे फटीच्या रुंदीच्या जवळपास येते. फटीच्या भिंतींवरच आपटत राहिल्यामुळे कणांना पलीकडे निसटणे अवघड जाते आणि गळती घटते. याच टापूत लोब ब्लोअरची कार्यक्षमता उत्तम असते. दाब फारच कमी झाला, की रोटरच्या पृष्ठभागाला चिकटलेले कण उलट बाजूला वाहून नेले जातात आणि तेथे त्याची मजल संपते.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे लागते. साहाय्यक पंपाने दाब पुरेसा उतरविल्याशिवाय बूस्टर पूर्ण भाराने सुरू करावयाचा नाही. दाट हवा मिळताच दाबातील फरक वाढतो, मोटार ओढ घेते आणि उष्णता चढते. ह्यासाठी काही यंत्रांत वजनाची झडप असते. फरक मर्यादेबाहेर गेला की ती उघडते आणि हवा फिरून आगम द्वाराकडे जाते. काही ठिकाणी दाब मोजणारे उपकरण बूस्टरला आपोआप सुरू व बंद करते.

ट्रान्सफॉर्मर आणि औषधे

एवढ्या सखोल निर्वाताचा उपयोग काय, असा प्रश्न येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर पाण्याच्या उकळण्यात आहे. पाणी १०० अंशांना उकळते, हा नियम वातावरणाच्या दाबापुरता खरा. दाब २३ मिलिबारवर आणला, तर तेच पाणी २० अंशांना, म्हणजे हाताला गार लागत असताना उकळते. अर्थात वस्तू न तापविता तिच्यातील ओल काढता येते.

ट्रान्सफॉर्मरमध्ये तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारांभोवती कागद गुंडाळलेला असतो आणि सारे तेलात बुडविलेले असते. कागद व तेल कोरडे असेपर्यंत ते विजेला अडवून धरतात. पावसाळी हवेतील ओल त्यांत शिरली, की ही शक्ती घटते आणि केव्हातरी आतल्या आत ठिणगी पडून ट्रान्सफॉर्मर जळतो. मग गावातील दिवे, पिठाची गिरणी आणि शेतीपंप हे सर्वच बंद पडतात. मोठ्या ट्रान्सफॉर्मरचे तेल शुद्ध करणाऱ्या संयंत्रात तेल सुमारे ६० अंशांपर्यंत कोमट करून निर्वात दालनात पातळ थरांनी सोडतात. त्यातील ओल व हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि बूस्टर ती उचलून नेतो. येथे ब्लोअर मोठाच का लागतो, हे एका आकड्यावरून ध्यानात येईल. एक लिटर पाण्याची १ मिलिबार दाबाला, २० अंश तपमानात सुमारे १३५० घनमीटर वाफ होते. पंधरा मीटर लांब, पंधरा मीटर रुंद आणि सहा मीटर उंच असे सभागृह तिने पूर्ण भरेल. लिटरभर ओल काढायची, तर एवढी जागा व्यापणारी वाफ हलवावी लागते. दट्ट्याच्या पंपाला हे काम लवकर साधणारे नव्हे.

औषधनिर्मितीतही हीच गरज असते. गोव्यातील वेर्णा, गुजरातमधील वडोदरा आणि तेलंगणातील हैदराबाद ह्या परिसरांत औषधांचे कारखाने मोठ्या संख्येने आहेत. पुष्कळ औषधी द्रव्ये उष्णतेने बिघडतात. म्हणून ती निर्वातात सुकवितात. पूर्वी अशा ठिकाणी तेलाचे पंप सर्रास असत. द्रावकाची वाफ पंपाच्या तेलात मिसळे, तेल बिघडे आणि ते टाकावे कोठे हा प्रश्न उद्भवे. शिवाय तेलाची वाफ उलट औषधाकडे जाण्याची भीती असे. बूस्टर आणि साहाय्यक पंप दोन्ही कोरडे असले, की तेलाची भीती उरत नाही. आणि निघालेली वाफ थंड करून द्रावक पुन्हा मिळविता येतो. ‘कोरडा’ ह्या लहानशा शब्दाचे मोल येथे कळते.

मैलाटाकीत माणूस उतरू नये म्हणून

आता व्याख्यानातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळणे उचित होईल. मैलाटाकी व गटारे यांत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू साठतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास असतो; परंतु त्याचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. ‘वास नाही, म्हणजे धोका नाही’ असे समजून माणूस खाली उतरतो आणि कोसळतो. त्याला वाचविण्यासाठी दुसरा उतरतो, त्याच्यामागून तिसरा. अशा दुर्घटनांत एकाच टाकीत अनेक जीव गेल्याचे वारंवार घडले आहे.

हाताने मैला उचलणाऱ्या कामगारांच्या सेवायोजनास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम, २०१३ हा कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून अंमलात आला. त्याच्या सातव्या कलमान्वये गटार किंवा मैलाटाकीच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही कामावर लावण्यास मनाई आहे. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुन्हा अपराध केल्यास पाच वर्षे व पाच लाख रुपये, येथपर्यंत ही शिक्षा वाढते. ही मनाई सरकारी कार्यालये, ठेकेदार आणि खाजगी घरमालक ह्या सर्वांनाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी दिलेल्या निकालात गटारातील मृत्यूची नुकसानभरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. रक्कम कितीही वाढली, तरी गेलेला माणूस परत येत नाही. तो उतरूच नये अशी व्यवस्था करणे, हाच खरा उपाय होय.

ही व्यवस्था सक्शन गाडी करते. लहान गाड्यांवर पात्यांचा किंवा पाण्याच्या कड्याचा पंप असतो, तर मोठ्या गाड्यांवर लोब ब्लोअर. गाडीचे इंजिनच त्यास फिरविते. ब्लोअर टाकीतील हवा काढतो, टाकीतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा मैल्याला नळीतून वर ढकलते. टाकी भरल्यावर झडपांची दिशा बदलून तोच ब्लोअर टाकीत हवा भरतो आणि मैला शुद्धीकरण केंद्रात बाहेर लोटता येतो. न्यूयॉर्कच्या बोगद्यातील डबा ज्या तत्त्वाने पुढेमागे होत होता, तेच हे तत्त्व आहे.

टोरिचेलीचा नियम येथे पुन्हा समोर येतो. टाकीतील दाब निम्मा केला, तर पाण्याचा अखंड स्तंभ जेमतेम पाच मीटर चढतो. दाट गाळ त्याहूनही कमी. खोल चेंबरमधील गाळ वर येत नाही असे पाहून ‘यंत्राला जमत नाही, माणूस उतरवू या’ असा निर्णय ह्याच क्षणी घेतला जातो. तो सर्वस्वी चुकीचा आहे. लोब ब्लोअरचे बळ सखोल निर्वातात नसून हवेच्या विपुल प्रवाहात आहे. नळीचे तोंड गाळात पूर्ण बुडवून न ठेवता पृष्ठभागाच्या किंचित वर धरले, की हवा आणि गाळ एकत्र आत शिरतात. अखंड स्तंभाऐवजी गाळाचे तुकडे वाऱ्याच्या लोंढ्याबरोबर वर येतात आणि पाच मीटरांची मर्यादा ओलांडली जाते. घट्ट थर असल्यास आधी जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने तो फोडावा. चालकाला हे शिकविले असेल, तर माणूस उतरविण्याची वेळ येत नाही.

निगा आणि जबाबदारी

जो ब्लोअर एवढे काम करतो, त्याचे आयुष्य त्या सूक्ष्म फटीवर अवलंबून आहे. म्हणून चार गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, गाळ व धूळ आत जाऊ देऊ नये. टाकी आणि ब्लोअर यांच्यामधील तरंगत्या चेंडूची झडप, गाळणी व पाणी साठणारे भांडे रोज तपासावे. दुसरी, निर्वात दाखविणारे व तपमान दाखविणारे अशी दोन्ही घड्याळे चालू स्थितीत असावीत, आणि निर्वात मर्यादेपलीकडे जाताच हवा आत सोडणारी सुरक्षा झडप दोरीने बांधून ठेवू नये. तिसरी, गिअरपेटीतील तेलाची पातळी नेमकी असावी. कमी तेलाने गिअर झिजतात, तर जादा तेल तापून सीलमधून आत उतरते. चौथी, आवाज बदलला की यंत्र थांबवावे. लोब घासू लागल्याची पहिली सूचना आवाज देतो. ब्लोअरच्या निर्गम नळीतूनही विषारी वायू बाहेर पडतात. तिचे तोंड माणसांपासून व विस्तवापासून दूर ठेवावे.

गाडी खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी केवळ टाकीची क्षमता आणि किंमत पाहू नये. ब्लोअर ताशी किती घनमीटर हवा उचलतो, किती निर्वातावर तो सतत चालू शकतो, थंड हवा सोडण्याची सोय आहे काय, आणि चालकास प्रशिक्षण कोण देणार, ह्या चार प्रश्नांची उत्तरे निविदेतच मागावीत. ग्रामपंचायतींनी दूरध्वनी केल्यावर गाडी कोठून व किती वेळात येते, याची माहिती फलकावर लावावी. ग्रामस्थांनी टाकी बांधताना गाडीची नळी पोहोचेल अशी जागा आणि उघडता येईल असे झाकण ठेवावे. टाकी वेळेवर उपसली, तर गाळ घट्ट होत नाही आणि कोणाला आत उतरविण्याचा विचारही येत नाही.

शिक्षकबंधूंना एक सूचना आहे. जाड पुठ्ठ्याचे दोन डमरू कापून, परस्परांशी काटकोनात धरून दोन टाचण्यांवर फिरविले, तर वर्गात पाच मिनिटांत लोब ब्लोअर दाखविता येतो. काठोकाठ भरलेल्या पेल्यावर कागद ठेवून तो उलटा धरला, की हवेचा भार दिसतो. हे दोन प्रयोग पाहिलेला विद्यार्थी पुढे मोठेपणी सक्शन गाडीजवळ उभा असेल, तेव्हा माणसाला टाकीत उतरविण्याआधी नळीचे तोंड कसे धरले आहे, हे तो नक्की विचारील.

रूट्स बंधूंच्या गिरणीत पाण्याने फुगून अडकलेले लाकडी लोब आज लोखंडी होऊन ट्रान्सफॉर्मर कोरडे ठेवीत आहेत, औषधे सुकवीत आहेत आणि गटारे उपसत आहेत. यंत्र उपलब्ध आहे, कायदा स्पष्ट आहे. आता प्रत्येक गावाने व प्रत्येक कार्यालयाने त्यांचा उपयोग करून घ्यावा, आणि मैलाटाकीच्या झाकणाखाली यापुढे कोणीही माणूस उतरणार नाही याची दक्षता घ्यावी, एवढीच विनंती.